लॉख फ्लीटवर पहिल्यांदा पक्षी बघायला जाताना

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसहून पूर्व किनाऱ्याने एनसी ५०० (‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा उत्तर किनाऱ्याला वळसा घालणारा पर्यटनमार्ग) च्या वाटेला लागलं, की साधारण तासाभरात ए ९ रस्ता एका लांबलचक बांधावर चढतो. उजव्या हाताला उघडी खाडी आणि डाव्या हाताला आल्डर झाडांचं ओलं रान. हा बांध म्हणजे ‘द माउंड’. थॉमस टेलफर्ड या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो १८१६ मध्ये पुरा झाला. त्याआधी लोकांना खाडीच्या मुखाशी लिटलफेरीला होडीने पलीकडे जावं लागे. भारतातून आलेली मंडळी हल्ली गाडी भाड्याने घेऊन या रस्त्याने भरपूर फिरतात, पण बांधावर कोणी फारसं थांबत नाही. पुढचा किल्ला गाठायची घाई असते. खरं तर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे पाणपक्षी शिकायला याहून सोपी जागा नवशिक्याला क्वचितच मिळेल.

बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला पसरलेली खाडी म्हणजे लॉख फ्लीट. चारही बाजूंनी जमीन आणि लिटलफेरीपाशी एक अरुंद तोंड, एवढ्याच वाटेने समुद्र आत येतो आणि बाहेर जातो. ओहोटीला खाडीचा बराचसा तळ उघडा पडतो, चिखल आणि वाळूचं मैदानच होतं. हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे आणि शेजारच्या डॉरनॉख फर्थ या मोठ्या खाडीसह रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे. प्रवेशाला तिकीट नाही, फाटक नाही, उघडण्या-मिटण्याच्या वेळा नाहीत. भिगवणला किंवा ऐरोलीला पक्षी बघितलेल्यांना इथे अर्धे चेहरे ओळखीचे वाटतील. ज्यांनी कधीच दुर्बीण हातात घेतली नाही, त्यांच्यासाठी हा लेख मुद्दाम पहिल्या पायरीपासून लिहिला आहे.

आधी पाण्याची वेळ काढा

चिखलपक्षी बघायला जाणारा नवखा माणूस आधी पुस्तक विकत घेतो आणि हवामान बघतो. माझं सांगणं आहे की दोन्हीच्या आधी भरतीचं वेळापत्रक उघडा. लॉख फ्लीटवर पक्षी कुठे असतील, किती लांब असतील, चरत असतील की झोपलेले, हे सगळं पाणी ठरवतं. भर ओहोटीला पोचलात तर पक्षी अर्ध्या-पाऊण मैलावर ठिपक्यांसारखे पसरलेले दिसतील आणि तुम्ही वैतागून परत जाल. तीच जागा, तेच पक्षी, पण भरती चढताना गेलात तर पाणीच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं.

भरतीच्या वेळा ब्रिटिश जलसर्वेक्षण कार्यालयाच्या ‘ईझीटाइड’ या संकेतस्थळावर आठवडाभर आधी फुकट बघायला मिळतात. गॉल्स्पी या जवळच्या गावाच्या आसपासचं बंदर निवडा. एक लक्षात ठेवा: तक्त्यातली वेळ बाहेरच्या समुद्राची असते. खाडीचं तोंड अरुंद असल्यामुळे आत पाणी भरायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून हाताशी थोडी सवड ठेवा. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात. तक्ता कोणत्या वेळेत दिलाय तेही तपासा.

कोकणातल्या वाचकांना इथे एक सोय आहे. तिथीची पाऊणपट करून पाण्याची वेळ काढायचा आपल्याकडचा जुना हिशोब (चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा) ढोबळ अंदाजापुरता या किनाऱ्यावरही चालतो, कारण इथेही अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते. नेमकी वेळ तक्त्यातूनच घ्यायची, पण महिनाभर आधी सुट्टी टाकताना कालनिर्णयावर नजर टाकली तरी दिवस निवडता येतो. मी प्रतिपदा ते तृतीया हे दिवस सुचवेन. तेव्हा उधाणाचं पाणी असतं, चिखल झपाट्याने झाकला जातो आणि पूर्ण भरती दुपारी पाऊण ते सव्वादोनच्या दरम्यान येते. हिवाळ्याच्या आखूड दिवसात ही वेळ अगदी सोयीची. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी असतं. तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळच्या अंधारात आणि भर दुपारी ओहोटी, तीही अर्धवट. पहिल्या खेपेला हे दिवस टाळा.

कोणते महिने

सप्टेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. सप्टेंबरमध्ये आइसलँड आणि ग्रीनलँडकडून गुलाबी पायांचे कलहंस येऊ लागतात, ऑक्टोबरमध्ये तरंग बदकांचे थवे वाढतात आणि नोव्हेंबरपर्यंत खाडी भरून जाते. डिसेंबरात मात्र या अक्षांशावर सूर्य नऊच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनला मावळतो, म्हणजे हातात जेमतेम साडेसहा तास. म्हणून नवख्याला ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर किंवा मार्च बरा. एप्रिल ते ऑगस्ट चिखलपक्षी कमी असतात, पण तेव्हा ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी खाडीवर मासेमारीला येतो आणि उथळ पाण्यातून माशासकट वर उठताना दिसतो. तो वेगळा आनंद आहे, त्यासाठी वेगळी खेप करावी.

सोबत काय न्यायचं

दुर्बीण ८×४२ ची. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट किंवा बारापटच्या मोहात पडू नका. इथल्या वाऱ्यात हात हलतो आणि जितकी पट जास्त तितकं चित्र जास्त थरथरतं. ढगाळ उजेडात बेचाळीसचं भिंग पुरेसा प्रकाश आत घेतं. टेलिस्कोप असेल तर उत्तमच, कारण खाडी रुंद आहे. पण पहिल्या खेपेसाठी विकत घेऊ नका. आधी एक हिवाळा दुर्बिणीवर काढा, मग हौस टिकली तर ६० ते ८० मिमी भिंगाचा टेलिस्कोप आणि जड तिपाई घ्या. हलकी तिपाई वाऱ्यात कुचकामी ठरते.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. तापमान बघून कपडे ठरवू नका, वारा बघून ठरवा. पाच अंशांत आपण चालताना आरामात असतो, पण तासभर एका जागी उभं राहिलं की बोटं बधिर होतात आणि दुर्बिणीचं चाक फिरवता येत नाही. बोटांची टोकं उघडता येतील असे हातमोजे, कान झाकणारी टोपी, वारा अडवणारं जाकीट, वॉटरप्रूफ बूट आणि थर्मासमध्ये चहा. खाणं बरोबर ठेवा. खाडीच्या काठावर दुकान नाही, ते गॉल्स्पीला किंवा डॉरनॉखला.

दिवस कसा आखायचा

समजा पूर्ण भरती दुपारी दीडला आहे. तर सकाळी साडेदहापर्यंत दक्षिण काठावर स्केल्बोला पोचा. इन्व्हर्नेसकडून येताना माउंडच्या आधीच उजवीकडे एक लहान रस्ता फुटतो, तो खाडीला लागून जातो. पुढे स्केल्बोचा पडका किल्ला दिसतो. त्याच्या आत शिरायला जाऊ नका, भिंती खिळखिळ्या आहेत. या काठाचा मोठा फायदा म्हणजे तुम्ही उत्तरेकडे बघत असता आणि हिवाळ्यातलं खाली आलेलं ऊन तुमच्या पाठीशी असतं. पक्ष्यांचे खरे रंग दिसतात. चिखलपक्ष्यांत पायांचा आणि चोचीचा रंग हीच मुख्य खूण असल्यामुळे ऊन कुठल्या बाजूला आहे याचा विचार नेहमी करावा. उत्तर काठावरून दुपारी बघितलं तर सगळे पक्षी काळ्या सावल्या होतात.

गाडी रुंद जागी, इतरांना अडथळा न करता उभी करा आणि शक्यतो गाडीतच बसून बघा. पक्षी उभ्या गाडीला बुजत नाहीत. दार उघडून माणूस बाहेर आला की बुजतात. काच खाली करा, इंजिन बंद करा, दुर्बीण खिडकीच्या कडेवर टेकवा. ओहोटीच्या शेवटी वाळूच्या उंचवट्यांवर सील पहुडलेले असतात. पाणी चढू लागलं की एकेक करून सरकत जातात, तेही बघून घ्या.

इथे दोन तास द्या आणि जागा बदलू नका. नवख्यांचा सगळ्यात मोठा अडसर अधीरपणा असतो. दहा मिनिटं काही दिसलं नाही की पुढच्या थांब्यावर. भरतीच्या वेळी थांबून राहणाऱ्यालाच सगळं मिळतं, कारण दर पंधरा मिनिटांनी पाण्याची कड पुढे सरकते आणि पक्षी तिच्यासोबत सरकतात.

साडेबाराच्या सुमाराला माउंडवर या. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी शेवटी पोचतं, म्हणून बाकीचा चिखल बुडाला तरी इथे काही काळ चरायला जागा उरते आणि पक्षी दाटीने जमतात. ए ९ वर गाड्या जोरात जातात. वाहनतळाखेरीज कुठेही थांबायचं नाही, रस्ता ओलांडून फोटो काढायचा नाही. बांधाच्या उत्तर टोकाला झडपांचे दरवाजे आहेत. भरतीचं पाणी आत जाऊ नये आणि नदीचं पाणी बाहेर पडावं अशी त्यांची रचना आहे. साल्मन आणि समुद्री ट्राउट याच वाटेने वर जातात, त्यामुळे आसपास बगळे आणि मर्गान्सर बदकं घुटमळताना दिसतात. आल्डरचं ते रानही बांधामुळेच उभं राहिलं. समुद्राचं पाणी अडलं, मागचा चिखल हळूहळू गोडा झाला आणि झाडं रुजली.

भरती उतरू लागली की लिटलफेरी. गॉल्स्पीत शिरायच्या जरा आधी उजवीकडे वळलं की रस्ता थेट खाडीच्या मुखाशी संपतो. ओहोटीचं पाणी इथून इतक्या जोरात बाहेर पडतं की आयडर बदकं प्रवाहाबरोबर वाहत खाली जातात आणि उडून पुन्हा वर येऊन बसतात. दुपारनंतर इथून पूर्वेला समुद्राकडे बघताना ऊन पुन्हा पाठीशी असतं. सूर्य मावळेपर्यंत इथेच थांबा. वाटेत बालब्लेअरचं पाइनचं वन लागतं. वेळ उरला तर तिथली पायवाट छान आहे, पण भरतीच्या वेळेत तिकडे जाऊ नका.

पाच चिखलपक्षी, बाकी पुढच्या वर्षी

पुस्तकात चिखलपक्ष्यांची पानंच्या पानं असतात आणि हिवाळ्यात बहुतेक सगळे करडे-तपकिरी दिसतात. सगळे ओळखायचा प्रयत्न सोडा. पाच पक्के करा.

पहिला रेडशँक, आपल्याकडचा लाल पायांचा टिवळा. ठाण्याच्या खाडीतही हिवाळ्यात दिसतो. केशरी-लाल पाय, चोचीचा बुंधाही लालसर, उडाला की पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी. सगळ्यात आधी ओरडून उडणारा हाच. याला फूटपट्टी माना. शेजारी उभा असलेला पक्षी रेडशँकहून मोठा की लहान, एवढं ठरवलं तरी निम्मी उत्तरं कटाप होतात.

दुसरा कर्ल्यू, म्हणजे कोरल. रेडशँकच्या जवळपास दुप्पट लांब, आणि खाली वाकलेली चोच पंधरा सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. मादीची नरापेक्षा लांब. चोच चिखलात मुळापर्यंत खुपसून, मान जरा तिरपी करून तो लगवर्म (चिखलात बिळं करणारे किडे) ओढून काढतो. ब्रिटनमध्ये या पक्ष्याची घरटी झपाट्याने कमी झाली असून २०१५ पासून तो तिथल्या लाल यादीत आहे. हिवाळ्यात इथे दिसणाऱ्यांपैकी बरेच स्कँडिनेव्हिया आणि फिनलंडकडून आलेले असतात. त्याची लांब, चढत जाणारी शीळ एकदा ऐकली की न बघताही ओळखता येते.

तिसरा बार-टेल्ड गॉडविट, आपला पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा. कर्ल्यूपेक्षा लहान, चोच लांब पण किंचित वर वळलेली. पाण्याच्या कडेलाच, पोटापर्यंत ओला होऊन चरतो. याच जातीच्या, पण अलास्कात वाढलेल्या एका तरुण पक्ष्याने २०२२ मध्ये अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर कुठेही न उतरता पार केलं. पाठीवर बसवलेल्या यंत्रामुळे ते कळलं. लॉख फ्लीटवर येणारे पक्षी रशिया आणि स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकाकडचे, त्यांचा पल्ला इतका लांब नाही, पण हाडापेराने तेच.

चौथा डनलिन. लहानखुरा, रेडशँकच्या खांद्याशी येईल इतका, करडी पाठ, पांढरं पोट, काळी चोच टोकाशी जराशी झुकलेली. थव्याने चरतो, मान खाली घालून अखंड टोचत राहतो. याचा थवा उडाला की एका वळणावर सगळे काळे दिसतात आणि पुढच्या वळणावर सगळे पांढरे. त्याच थव्यात थोडा मोठा, गुबगुबीत आणि आखूड चोचीचा पक्षी दिसला तर तो नॉट.

पाचवा ऑयस्टरकॅचर, कालवफोड्या. काळा-पांढरा, भडक केशरी चोच, गुलाबी पाय. ओळखायला पुस्तक लागत नाही, म्हणून लोक त्याच्यावर नजर टाकून पुढे जातात. मी उलट सांगेन: एका कालवफोड्यावर वीस मिनिटं दुर्बीण रोखा. तो कॉकल शिंपलं उचलतो, घट्ट वाळूवर नेऊन टेकवतो, बाजूने दोन-तीनदा हलकेच चाचपतो. फट सापडली की चोच आडवी घालतो. तिचं टोक सुरीसारखं चपटं असतं, त्याने शिंपल्याची दोन्ही झाकणं मिटून धरणारा स्नायू कापला की ती सैल पडतात, आणि मग दोन-चार झटक्यांत आतलं मांस बाहेर. काही पक्षी मात्र फट शोधत बसत नाहीत. एकाच जागी ठोसे मारून कवच फोडतात. फोडणाऱ्यांची चोच टोकाला बोथट असते, कापणाऱ्यांची छिन्नीसारखी चपटी. चोच सतत झिजते आणि सतत वाढते, त्यामुळे खाण्याची पद्धत बदलली की तिचा आकारही बदलतो. एवढं डोळ्यांनी बघितलं की या खाडीत इतके वेगवेगळे पक्षी एकमेकांच्या ताटात हात न घालता कसे राहतात, ते आपोआप उमगतं. कर्ल्यूचं अन्न खोल, रेडशँकचं वरच्या थरात, गॉडविटचं मधे, ऑयस्टरकॅचरचं कवचाच्या आत.

पाच पक्के झाले की चालीवरून ओळखायला शिका. लांबून रंग दिसत नाही, चाल दिसते. कंठेरी चिखल्या (रिंग्ड प्लवर) तुरुतुरु धावतो, थबकतो, एकदा टोचतो, पुन्हा धावतो. सोनेरी चिखल्याचं आणि टिटवीचंही तेच. मोठे डोळे, आखूड चोच, भक्ष्य बघून टिपायचं. डनलिन आणि गॉडविट न थांबता टोचत राहतात, कारण त्यांना चोचीच्या टोकाच्या स्पर्शाने चिखलातलं कळतं. धाव-थांब-टोच की अखंड टोचणी, हा एकच प्रश्न मनात ठेवला तरी दोन मोठी कुटुंबं वेगळी होतात.

बदकं, हंस आणि मुखापाशी

बदकांची ओळख सोपी, कारण हिवाळ्यात नर रंगीत असतात. तरंग (विजन) काठावरच्या गवतात आणि ईलग्रास या पाण्यातल्या समुद्री गवतावर चरतो. नराचं डोकं तांबूस आणि कपाळावर पिवळसर पट्टा, आणि शीळ इतकी गोड की नवखा माणूस दुसराच कुठला तरी पक्षी शोधत राहतो. टील सर्वात लहान, खाडीच्या आतल्या टोकाला ओढ्यांपाशी. शेलडक मोठा, पांढरा, गळ्याखाली तांबूस पट्टा. उथळ चिखलावर चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी गाळून घेतो.

लिटलफेरीच्या मुखाशी आणि बाहेरच्या समुद्रावर सूर मारणारी बदकं. आयडर हे ब्रिटनमधलं सर्वात वजनदार बदक. नर काळा-पांढरा, मानेमागे फिकट पोपटी छटा. हिवाळा सरू लागला की नर मान मागे टाकून ‘आ-ऊऽ’ असा आवाज काढत माद्यांभोवती फिरतात. शांत दुपारी हा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो. समुद्राच्या बाजूला लाँग-टेल्ड डक आणि काळी स्कोटर बदकं लाटांमागे दिसतात-लपतात. इथे उतावीळ होऊन उपयोग नाही. पाण्याचा एकच पट्टा धरून त्यावरून दुर्बीण सावकाश फिरवा आणि परत फिरवा. बदक अर्धा-एक मिनिट पाण्याखाली असतं, पहिल्या फेरीत निसटलेलं दुसऱ्या फेरीत सापडतं. काळ्या थव्यातलं एखादं उडालं आणि पंखावर पांढरा चौकोन चमकला, तर ते व्हेल्वेट स्कोटर.

कलहंस दिवसा आसपासच्या शेतांत चरतात आणि अंधार पडताना रांगा करून पाण्याकडे येतात. म्हणूनच शेवटचा अर्धा तास सोडून निघू नये.

किती जवळ जायचं

पूर्ण भरतीला चिखल झाकला की पक्षी उंचवट्यांवर, खाऱ्या गवताच्या कडेला दाटीवाटीने उभे राहतात. एक पाय पोटात, चोच पिसांत. फोटोला हेच दृश्य सगळ्यात मोहक वाटतं, आणि हीच वेळ त्यांना हात न लावण्याची. दिवस साडेसहा तासांचा, थंडी शून्याच्या आसपास, जेवणाची जागा पाण्याखाली. अशा वेळी थवा उडवला तर खाल्लेलं इंधन जळतं आणि ते भरून काढायला पुढची ओहोटी येईपर्यंत काहीच मिळत नाही. दिवसातून चार माणसं आणि दोन मोकळे कुत्रे, एवढ्याने कडाक्याच्या थंडीत पक्षी दगावू शकतो. ही अतिशयोक्ती नव्हे.

अंतर मीटरमध्ये मोजू नका, पक्ष्यांवरून मोजा. झोपलेल्यांनी चोची पिसांतून बाहेर काढल्या, माना उंच झाल्या, एक-दोघं चालू लागले, की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. तिथेच थांबा आणि सावकाश मागे या. पक्षी उडेपर्यंत पुढे जायचं आणि मग थांबायचं, हे चालणार नाही. रेकॉर्ड केलेले आवाज वाजवू नका, ड्रोन उडवू नका.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने जवळपास सगळीकडे पायी फिरण्याचा हक्क आहे, पण तो जबाबदारीने वागण्याच्या अटीवरच. घरट्यांच्या काळात, एप्रिल ते जुलै, वाळूच्या टेकड्यांवर आणि गोट्यांच्या किनाऱ्यावर कुत्रा दोरीला बांधून ठेवा. जमिनीवरची अंडी गोट्यांसारखीच दिसतात, पायवाट सोडू नका. काही दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यापाशी त्रास देणं हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

स्वतःची काळजी

चिखलात उतरायचं नाही, कितीही घट्ट दिसला तरी. आत ओहोळ आहेत आणि भरती आधी त्या ओहोळांतून मागच्या बाजूने शिरते. समोर बघत उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नाही. लिटलफेरीच्या मुखाशी पोहायला किंवा लहान मुलांना पाण्यात खेळायला सोडू नका. कोणी अडकलेलं दिसलं तर ९९९ लावा आणि ‘कोस्टगार्ड’ मागा. स्वतः मदतीला चिखलात शिरू नका. वसंतापासून शरदापर्यंत गवतात आणि नेच्यात गोचीड असते, तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंग तपासा.

गाडी नसेल तर इन्व्हर्नेसहून विकला जाणारी आगगाडी गॉल्स्पीला थांबते. दिवसाला गाड्या मोजक्याच, परतीची वेळ आधी बघून ठेवा. गॉल्स्पीहून लिटलफेरी साधारण पाच किलोमीटर, सपाट रस्ता. सायकल असेल तर फारच सोपं. या मार्गाने गेलात तर तिन्ही जागांचा हट्ट सोडा आणि लिटलफेरी आणि बालब्लेअर एवढंच करा.

नोंद ठेवा आणि कळवा

वहीत तारीख, पूर्ण भरतीची वेळ, वारा, जागा आणि पक्षी. भरतीची वेळ लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. दोन हिवाळ्यांनंतर वही चाळली की कोणत्या पाण्याला कोणती जागा चांगली, हे तुमचं तुम्हाला कळतं. थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरा आणि मग तेवढ्या मापाने पुढे सरका. मोठ्या थव्याला शंभराचं माप घ्या. सुरुवातीला अंदाज चुकतो, बहुधा कमी येतो. भारतात ई-बर्ड (पक्ष्यांच्या नोंदी करायचं संकेतस्थळ) वापरत असाल तर इथेही तेच खातं चालतं. ब्रिटनचं स्वतःचं ‘बर्डट्रॅक’ही आहे.

एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत कडं किंवा अक्षरं कोरलेली पट्टी दिसली तर रंग, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, आणि अक्षरं हे सगळं लिहून घ्या. अर्धवट वाचता आलं तर अर्धवट लिहा, अंदाजाने पुरं करू नका. कळवलं की त्या पक्ष्याला कुठे आणि कधी कडं घातलं, आधी कुठे दिसला, याची माहिती परत मिळते.

आणि इथे राहणारे असाल तर पुढच्या वर्षीपासून ‘वेट्लँड बर्ड सर्व्हे’च्या मोजणीत भाग घ्या. ब्रिटनमध्ये पाणबदकांची अशी देशव्यापी मोजणी १९४७ पासून चालू आहे आणि ती बहुतांशी हौशी लोकांच्या जिवावर चालते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, खाडीचा ठरावीक तुकडा मोजायचा. किनाऱ्यावरची मोजणी शक्यतो भरतीच्या वेळी होते, कारण तेव्हा पक्षी एकत्र असतात. नव्या माणसाला आधी जुन्या मोजणाऱ्याच्या सोबत पाठवतात. आपली इंग्रजी कशी आहे, आपण इथले की बाहेरचे, याचं तिथे कोणाला काही नसतं. रेडशँक आणि डनलिन वेगळे सांगता आले आणि थंडीत वेळेवर हजर राहिलात, की पुरे.